हाताखाली पहिल्यांदाच माणसं आली आहेत? मग एवढं करा

बढतीचं पत्र हातात पडतं, अभिनंदन होतं, आणि सोमवारी सकाळी कालपर्यंत शेजारी बसणारे चार-पाच जण तुमच्या तोंडाकडे बघू लागतात. रजा कोण मंजूर करणार, पाळी कोण लावणार, चुकलं तर कोण बोलणार? किंवा तुमचा स्वतःचा छोटा व्यवसाय असतो आणि एकट्याला झेपेनासं झाल्यावर तुम्ही पहिला माणूस कामावर घेता. दोन्हीकडे मूळ काम तुम्हाला चांगलं येत असतं. माणसं सांभाळायची कशी हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं.

मी बरीच वर्षं आस्थापना विभागात काढली. काही प्रकरणं कामगार न्यायालयापर्यंत गेली, त्याहून कितीतरी जास्त आतल्या आत मिटली. त्या फायली शेवटच्या पानापासून मागे वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भांडण सुरू होतं ते बडतर्फीच्या पत्राच्या सहा-आठ महिने आधी. एखाद्या दिवशी साहेबांना चूक दिसलेली असते आणि ते बोलत नाहीत. किंवा बोलतात, पण लिहून ठेवत नाहीत. किंवा एकाला बोलतात आणि दुसऱ्याला तेवढ्याच चुकीसाठी सोडून देतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये कायद्याची कलमं थोडीच आहेत आणि रोजचं वागणं जास्त आहे.

१. आपल्याला काय लागू आहे ते आधी विचारून घ्या

कामगार कायदे देशागणिक बदलतात, पुष्कळ देशांत राज्यागणिक बदलतात, आणि माणसांची ठरावीक संख्या ओलांडली की नवी कलमं लागू होतात. साधारणपणे माणूस ज्या ठिकाणी काम करतो तिथला कायदा बघावा लागतो, मग तुमचं मुख्य कार्यालय कुठंही असो. घरून काम करणारी व्यक्ती दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात राहत असेल तर हे नेमणुकीआधीच तपासा.

कामगार कायद्यातल्या जाणकार वकिलाची एक तासाची वेळ घ्या आणि जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या:

– किमान वेतन किती, पगार कुठल्या तारखेच्या आत द्यायचा, त्यातून काय कापता येतं?
– कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि ओव्हरटाइमचा दर काय?
– कुठल्या रजा देणं बंधनकारक आहे?
– विमा, निवृत्तिवेतन वगैरेसाठी नोंदणी कुठं करायची?
– प्रोबेशन (नोकरी कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ) किती काळ ठेवता येतं आणि त्या काळात काढायचं झालं तर काय करावं लागतं?
– नोटीस आणि भरपाईचे नियम काय?
– छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी लागते का?
– कुठली रजिस्टरं ठेवायची आणि किती वर्षं जपायची?

नियमांचे तपशील वेगवेगळे असले तरी त्यामागचा विचार जगभर बराच सारखा आहे. १९१९ साली स्थापन झालेली, जिनिव्हात मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना हे किमान निकष ठरवत आली आहे. तिचा पहिलाच करार कारखान्यांतल्या कामाच्या तासांचा होता: दिवसाला ८, आठवड्याला ४८. सगळ्या देशांनी सगळे करार मान्य केलेले नाहीत. तरीही कायदा असा का आहे हे समजायला ते उपयोगी पडतात, म्हणून पुढे अधूनमधून त्यांचा उल्लेख येईल.

२. नावाला ‘कंत्राटी’ असेल तर थांबा

खर्च वाचावा म्हणून माणसाला ‘फ्रीलान्सर’ किंवा ‘सल्लागार’ म्हणून घ्यायचं आणि वागवायचं मात्र नोकरासारखं, हा मोह फार जणांना होतो. वेळ तुम्ही ठरवता, जागा तुमची, लॅपटॉप तुमचा, रजा तुमच्याकडे मागायची, दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि दुसऱ्या कोणाचं काम घ्यायला मनाई. असं असेल तर करारावर काहीही लिहिलेलं असो, तो माणूस तुमचा कर्मचारी ठरण्याची दाट शक्यता आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ सालची १९८ क्रमांकाची शिफारस हेच सांगते: करारात नाव काय दिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघा. असा निकाल विरोधात गेला तर मागच्या कित्येक महिन्यांची देणी एकदम अंगावर येतात. शंका असेल तर सरळ नोकरीवर घ्या.

३. मुलाखत आणि नेमणूकपत्र

मुलाखतीत घसरायला होतं ते बहुतेक आपुलकीच्या प्रश्नांवर. ‘लग्न झालंय का?’, ‘मुलं लहान आहेत, मग कसं जमणार?’, ‘मूळचे कुठले?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण नोकरी न मिळालेल्या उमेदवाराला वाटतं की आपल्याला याच उत्तरामुळे नाकारलं, आणि तसं झालं नाही हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं. भेदभावाविरुद्धचा १९५८ सालचा करार वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, मूळ देश आणि सामाजिक मूळ अशी सात कारणं मोजून सांगतो. पुढे अनेक देशांनी आपल्या यादीत वय, अपंगत्व, गरोदरपण वगैरे भर घातली आहे.

यावर सोपा उपाय आहे. कामाची जी गरज आहे ती सांगा आणि ती जमेल का हे विचारा. ‘महिन्यातून चार रात्रपाळ्या असतात आणि दोनदा बाहेरगावी जावं लागतं. तुम्हाला चालेल?’ हा प्रश्न पुरुषांना, बायकांना, सगळ्यांना सारख्याच शब्दांत विचारा. पाच-सहा प्रश्न आधी लिहून ठेवा, प्रत्येक उमेदवाराच्या उत्तराची दोन ओळींत नोंद करा, आणि निवड किंवा नकाराचं कारण त्याच संध्याकाळी लिहा.

नेमणूकपत्र रुजू होण्याच्या दिवशीच द्यायचं, नंतर सवडीनं नाही. हुद्दा, काम, कामाची जागा आणि वेळ, पगार आणि त्याचे भाग, प्रोबेशन, रजा, दोन्ही बाजूंची नोटीस, आणि कुठल्या गोष्टी गैरवर्तन धरल्या जातील, एवढं त्यात असलं पाहिजे. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना तसाच वापरू नका. त्यात दुसऱ्याच देशाची कलमं असतात, आणि तुम्हाला पाळता न येणारी आश्वासनंही असतात. पत्र माणसाला कळेल अशा भाषेत हवं. त्याच्याबरोबर वीस मिनिटं बसून ते वाचून दाखवा, शंका विचारू द्या, मग दोन प्रतींवर सह्या. पुढच्या कित्येक वादांचं उत्तर या वीस मिनिटांत मिळून जातं.

४. पगार आणि तास

इथं फार बोलण्यासारखं नाही, फक्त चुकायचं नाही. पगार ठरलेल्या तारखेला, पूर्ण, आणि काय दिलं-काय कापलं हे दाखवणाऱ्या पावतीसह. वस्तू फुटली, हिशेबात तूट आली म्हणून मनाला येईल तशी रक्कम कापू नका. कायद्यानं परवानगी दिली असेल तेवढीच आणि त्याच पद्धतीनं कापता येते.

हजेरी खरी ठेवा. सगळ्यांची रोज बरोबर नऊ ते सहा अशी हजेरी कोणीही खरी मानत नाही. आणि ‘मी थांबायला सांगितलंच नव्हतं’ हे उत्तर पुष्कळ ठिकाणी चालत नाही. माणूस काम करत होता आणि तुम्ही ते होऊ दिलंत, तर त्याचे पैसे लागू होतात. रात्री दहाला ‘एवढी फाइल बघून ठेव’ असा मेसेज टाकताना हे लक्षात असू द्या. त्या मेसेजवर वेळही छापलेली असते.

सारख्या मोलाच्या कामाला स्त्री-पुरुष सारखाच पगार, हे तत्त्व १९५१ पासून आंतरराष्ट्रीय करारात आहे. एकाच हुद्द्यावर दोघांच्या पगारात फरक असेल तर अनुभव, पात्रता, जबाबदारी यांपैकी कारण काय ते एका ओळीत लिहून बघा. लिहिता आलं नाही तर फरक दुरुस्त करा.

५. दिसलं त्या दिवशी बोला, बोललात त्या दिवशी लिहा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

नव्या मॅनेजरची जीभ रेटत नाही. कालपर्यंत ज्याच्याशी अरे-तुरे होतं त्याला आज ‘तुझं हे चुकलं’ कसं म्हणायचं? म्हणून तो गिळतो. एकदा, दोनदा, दहादा. मग एक दिवस भडका उडतो आणि चार महिन्यांचं साचलेलं सगळ्यांदेखत बाहेर पडतं. समोरच्यानं आधी कधी ऐकलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ते अचानक आणि आकसानं आलेलं असतं. त्याचं म्हणणं चूक आहे असं मला कधीच म्हणता आलं नाही.

बोलायचं ते एकट्याशी आणि थोडक्यात. काय दिसलं, त्यानं काय अडलं, पुढे काय हवं, एवढंच. ‘आज तुम्ही पावणेदहाला आलात. पाळी नऊची आहे. रात्रपाळीचे सहकारी तोवर थांबून राहिले. काय झालं होतं?’ आणि हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. ते गप्प बसणं जमायला मला वेळ लागला.

आमच्या विभागात एक मुलगा होता. कामाला चोख, पण दोन महिन्यांपासून उशिरा येऊ लागलेला. मी समजपत्र, म्हणजे लेखी ताकीद, टाइप करून ठेवलं होतं. त्याला बोलावण्याआधी तारखा नीट उतरवाव्यात म्हणून हजेरीपत्रक पुढ्यात घेतलं, आणि तांबड्या शाईच्या खुणांवरून बोट फिरवताना लक्षात आलं की उशीर फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार स्वच्छ. पत्र बाजूला ठेवलं आणि त्याला नुसतं विचारलं, ‘हेच तीन दिवस का?’ बराच वेळ तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, वडिलांचं डायलिसिस असतं, आदल्या रात्री.’ आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि त्यांना मिळालेली वेळ रात्रीची. घरी येईपर्यंत दोन वाजत. प्रोबेशन चालू होतं, सांगितलं तर नोकरी जाईल अशी भीती त्याला होती.

आम्ही त्या तीन दिवसांसाठी त्याला अकराची पाळी दिली. तोंडी नाही, लेखी: तीन महिन्यांसाठी, कौटुंबिक वैद्यकीय कारण, नंतर पुन्हा आढावा. उशीर थांबला. पुढे दुसऱ्या एकानं ‘मग मलाही अकराची पाळी द्या’ म्हटलं, तेव्हा आजारपणाचा तपशील न सांगता मला एवढं सांगता आलं की सवलत कुठल्या कारणासाठी मिळते आणि तसं कारण असेल तर तुम्हालाही मिळेल. ते समजपत्र मी पाठवलं असतं तर एक चांगला माणूस गेला असता, आणि जाताना मनात कायमचा राग घेऊन गेला असता.

आता लिहिण्याबद्दल. फायलींत मला ज्या नोंदी सापडतात त्या बहुतेक अशा असतात:

‘बेजबाबदार. वारंवार उशिरा येतात. सांगूनही सुधारणा नाही.’

या नोंदीचा कोणालाच उपयोग नाही. किती वेळा, कधी, कोणी सांगितलं, काहीच कळत नाही. हीच नोंद अशी लिहा:

‘मंगळवार, १२ मार्च. पाळी ९.००, हजेरी ९.४५. रात्रपाळीच्या सहकाऱ्याला ४५ मिनिटे जादा थांबावे लागले. दुपारी ३ वाजता केबिनमध्ये दहा मिनिटे बोलणे झाले. त्यांचे म्हणणे: बस चुकली. ठरले: उशीर होणार असेल तर ८.३० पर्यंत फोन करणे. पुन्हा भेट २६ मार्च.’

विशेषण एकही नाही. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आहे. पुढची तारीख आहे, आणि त्या तारखेला तुम्ही खरोखर भेटलं पाहिजे. लिहून झालं की तेच त्या व्यक्तीला ईमेलनं पाठवा, ‘आज आपलं हे बोलणं झालं, काही राहिलं असेल तर कळवा’ असं म्हणून. लिहिताना समजून चाला की ही नोंद एक दिवस तो माणूस वाचणार आहे आणि त्याचा वकीलही वाचणार आहे. मागच्या तारखा टाकून नोंदी तयार करण्याच्या फंदात कधीही पडू नका. कॉम्प्युटरवरची फाइल कधी तयार झाली हे शोधता येतं, आणि एक खोटी नोंद सापडली की तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मेमोवर सही करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हीच चूक याआधी कोणी केली होती आणि तेव्हा मी काय केलं होतं? आवडत्या माणसाला सोडलं असेल तर नावडत्याला मेमो देता येत नाही. आधी सगळ्यांना नियम पुन्हा सांगा, आणि त्या दिवसापासून सगळ्यांना सारखा लावा.

६. काम कमी पडत असेल तेव्हा

जमत नाही आणि करत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करत नाही हे वर्तन झालं, त्याची वाट आठव्या पायरीत आहे. जमत नसेल तर शिकवावं लागतं, वेळ द्यावा लागतो. ‘कामात सुधारणा करा’ याला काही अर्थ नाही. ‘बिलांमधल्या चुका आठवड्याला पाचच्या आत, आठ आठवड्यांत, पहिले दोन आठवडे अमुक सहकारी शेजारी बसून दाखवतील, दर शुक्रवारी पंधरा मिनिटं आढावा’ याला आहे. आणि ध्येय ठेवताना शेजारचे लोक ते गाठतात ना, हे बघा. कोणालाच न जमणारं ध्येय एकाच माणसापुढे ठेवलं की त्यामागचा हेतू उघड दिसतो.

वार्षिक मूल्यमापन हा या कामातला सगळ्यांत दुर्लक्षित कागद. एका ठिकाणी आम्ही एका कर्मचाऱ्याला कामातल्या अकार्यक्षमतेसाठी काढलं होतं, आणि मी साक्षीला उभी होते. समोरच्या वकिलांनी तीन फॉर्म एकापाठोपाठ एक माझ्या पुढ्यात ठेवले. तिन्ही वर्षं शेरा ‘समाधानकारक’. ‘खालची सही कोणाची?’ माझी. वाईटपणा नको, पगारवाढ अडायला नको, म्हणून मी दर वर्षी तेच लिहीत गेले होते. प्रत्यक्षात त्या माणसाचं काम खरंच खराब होतं. पण त्याला ते तीन वर्षांत एकदाही कागदावर सांगितलं गेलं नव्हतं, आणि सुधारायची संधी मी त्याला नाकारली होती. आम्ही तो खटला हरलो. मूल्यमापनात खरं लिहा. ऐकताना वाईट वाटतं, पण त्यामुळे माणसाला वेळेत सावरता येतं.

७. तक्रार घेऊन कोणी दारात आलं तर

हातातलं काम ठेवा, बसायला सांगा, ऐका. ‘ते तसेच आहेत, मनावर घेऊ नका’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ‘हे कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण छळाची गोष्ट कानावर आली की मॅनेजर म्हणून तुम्हाला पुढे काहीतरी करावंच लागतं. म्हणा, ‘ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांच्यापलीकडे हे जाणार नाही.’ आणि तो शब्द पाळा.

मग त्याच दिवशी: काय, कधी, कुठे, कोण हजर होतं, मेसेज किंवा फोटो आहेत का, हे लिहून घ्या. कायद्यानं नेमलेली समिती किंवा अधिकारी असेल तर तक्रार तिकडे लगेच द्या. आपण आपसात मिटवू, असं परस्पर ठरवू नका. तक्रारदार व्यक्तीला त्या माणसासमोर रोज बसावं लागणार असेल तर तात्पुरती वेगळी व्यवस्था करा. पण बदली तक्रार करणारीचीच करायची, तिचीच पाळी बदलायची, हे फार वेळा होतं आणि ते चूक आहे. शिक्षा तिलाच झाल्यासारखं होतं. तिची स्वतःची तशी इच्छा असेल तरच करा, आणि तसं लिहून घ्या.

छळ आणि हिंसेविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार २०१९ साली झाला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक मॅनेजरला पाठ असाव्यात. एकदाच घडलेला प्रसंगही छळ असू शकतो, तो वारंवार घडायलाच हवा असं नाही. आणि कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही: कामासाठीचा प्रवास, प्रशिक्षण, कंपनीनं दिलेली राहण्याची जागा, कामाच्या निमित्तानं होणारे फोन आणि मेसेज, हे सगळं त्यात येतं. ऑफिसच्या ग्रुपवर रात्री टाकलेला अचकटविचकट विनोदही तुमच्या अखत्यारीत येतो.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही म्हणणं पूर्ण ऐकलं पाहिजे. चौकशी होईपर्यंत तो दोषी नाही, हे त्याच्याशी वागताना दिसलं पाहिजे.

तक्रारीनंतरचे सहा महिने सगळ्यांत धोक्याचे. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी त्यानंतर तक्रारदाराची पगारवाढ रोखली, मीटिंगांना बोलावणं थांबलं, रजा नाकारल्या, तर सूड घेतल्याचा वेगळाच दावा उभा राहतो. त्या काळात त्या व्यक्तीबद्दलचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या एखाद्या वरिष्ठाला दाखवून घ्या.

८. गैरवर्तन घडलं तर: रागात निर्णय नको

चोरी, मारामारी, खोटी बिलं. असं काही घडलं की ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे ओठांवर येतं. तिथंच थांबा. पुरावा कितीही धडधडीत असला तरी नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वं चुकवता येत नाहीत: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून घ्यायचं, आणि ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्यानं न्याय करायला बसायचं नाही. ज्या सुपरवायझरशी भांडण झालं तोच चौकशी अधिकारी, असं असेल तर ती चौकशी पहिल्याच सुनावणीत कोसळते.

क्रम असा. पुरावा जपून ठेवा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते आधी उतरवून घ्या. कारणे दाखवा नोटीस द्या, त्यात नेमकी घटना, तारीख, वेळ लिहा आणि उत्तराला पुरेसे दिवस द्या. उत्तर पटलं नाही तर आरोपपत्र आणि चौकशी. चौकशीत कागद त्याला आधी बघायला द्या, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या, स्वतःचे साक्षीदार आणू द्या. रोजच्या कामकाजाची नोंद ठेवून सगळ्यांच्या सह्या घ्या. शिक्षा ठरवताना चुकीचा आकार, आजवरची नोकरी आणि याआधी अशाच चुकीला दिलेली शिक्षा, तिन्ही बघा. वीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्याला पहिल्याच किरकोळ चुकीसाठी बडतर्फ करणं न्यायालयात क्वचितच टिकतं.

चौकशीदरम्यान दूर ठेवायचं असेल तर निलंबन करता येतं, पण त्या काळात काय द्यायचं याचे नियम असतात. ते आधी विचारा.

९. आजारपण, बाळंतपण, युनियन

या तीन ठिकाणी एकट्यानं निर्णय घेऊच नका. आजारपणामुळे तात्पुरतं गैरहजर राहणं, गरोदरपण, बाळंतपणाची रजा, युनियनचं सभासदत्व किंवा मालकाविरुद्ध केलेली तक्रार, यांपैकी काहीही नोकरीवरून काढण्याचं योग्य कारण होऊ शकत नाही, असं १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार स्पष्ट सांगतो. बाळंतपणाच्या रजेसाठी २००० सालच्या करारानं किमान १४ आठवडे सांगितले आहेत. तुमच्याकडे कायद्यानं जास्त असू शकते. रजेवरून परतणाऱ्या बाईची जागा, काम आणि पगार पूर्वीसारखे आहेत ना, हे ती यायच्या आधी बघून ठेवा.

१०. निरोप द्यायची वेळ

वरच्या पायऱ्या पाळल्या असतील तर ही वेळ क्वचित येते आणि आली तर समोरच्याला धक्का बसत नाही. १९८२ च्या त्याच करारानुसार काढण्याचं कारण तीनपैकी एक असायला हवं: कामाची क्षमता, वर्तन, किंवा व्यवसायाची गरज. तुमचं कुठलं आहे ते ठरवा आणि तेच लिहा. कामावर समाधान नाही म्हणून काढायचं आणि पत्रात ‘पद रद्द’ लिहायचं, मग महिन्याभरात त्याच पदाची जाहिरात द्यायची, यानं हमखास खटला उभा राहतो. काढणं अयोग्य होतं हे सिद्ध करायचा भार एकट्या कामगारावर पडू नये, असंही तो करार म्हणतो. म्हणजे तुमच्या कागदांची गरज तुम्हालाच लागणार आहे.

‘राजीनामा लिहून दे, नाहीतर बघ’ हे कधीही करू नका. दडपणाखाली घेतलेला किंवा जगणं नकोसं करून घेतलेला राजीनामा अनेक देशांत बडतर्फीच धरला जातो. आणि कोणी रागाच्या भरात राजीनामा तोंडावर फेकला तर लगेच मंजूर करू नका. ‘उद्या शांतपणे बोलू, मग ठरवा’ म्हणा.

प्रत्यक्ष सांगताना खोलीत तुमच्याबरोबर आणखी एक जबाबदार व्यक्ती असावी. शुक्रवारी संध्याकाळी किंवा मेसेजवर सांगू नका. नंतर प्रश्न विचारायला त्यांना कामाचा दिवस मिळाला पाहिजे. पहिल्या दोन वाक्यांत निर्णय सांगा, कारण सांगा, मग थांबा. रडू आलं तर पाणी द्या आणि वेळ द्या. वाद घालू नका, आणि ‘माझ्या हातात असतं तर’ असंही म्हणू नका. सुरक्षारक्षकाला बरोबर देऊन सगळ्यांच्या नजरेसमोरून बाहेर काढणं खरोखर धोका असेल तरच. घरी गेल्यावर त्या माणसाला नेमकं तेच आठवत राहतं, आणि वकिलाकडे जायचं बहुतेक त्या रात्रीच ठरतं.

शेवटचा हिशेब आधीच तयार ठेवा: राहिलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे, नोटिशीची रक्कम, कायद्यानं लागू असलेली भरपाई. कुठली रक्कम कशाची हे दाखवणारा कागद त्याच भेटीत हातात द्या. अनुभवाचा दाखला अडवून ठेवू नका. त्यात हुद्दा, कालावधी आणि कामाचं स्वरूप लिहा, बाकी काही नको. टीमला दुसऱ्या दिवशी एवढंच सांगा की ते आता इथं नाहीत आणि त्यांचं काम यापुढे कोण बघणार. कारण विचारलं तरी सांगू नका.

मग त्यांची फाइल नेमणूकपत्रापासून शेवटच्या पावतीपर्यंत तारखेवार लावा, पानांवर क्रमांक घाला, आणि दावा दाखल करायची मुदत तुमच्याकडे किती आहे ते वकिलांना विचारून कपाटात तितकी वर्षं नीट ठेवा.